बटणं कोणी हलवली?

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्याकडे किस्से साठले. आमचं कामच मुळी चिडलेल्या माणसांचे फोन उचलायचं होतं. माणूस चिडलेला असताना आपण हसायचं नसतं, आणि दाबून ठेवलेलं हसू कुठे ना कुठे साठणारच! अजूनही आम्ही तिघं भेटलो की "तो फोन आठवतो?" इथून सुरुवात होते आणि समोरची कॉफी गार होऊन जाते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची. मी नागपूरहून नुकतीच बंगळूरला आले होते. मल्लेश्वरममध्ये एका कॉफी पावडरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. कंपनी छोटी. लोकांना घरच्या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायची, आणि सोबत एक सीडी. त्या सीडीत आमचा स्वतःचा ब्राउझर. तो आमच्या मालकांनी, म्हणजे श्रीकंठ सरांनी, स्वतः बसून लिहिलेला. बटणं इडलीएवढी, रंग सरकारी दवाखान्याचा. पण लोकांच्या हाताला बसला होता.

मदतीच्या टेबलावर आम्ही दोघी, मी आणि गिरिजा अक्का. अक्कांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरी मराठीच बोलत, पण मधेमधे कानडी शब्द असे येत की मला आधी अर्धं कळायचं नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "फोनवर स्वल्प दम धरायचा, वैशाली. माणूस आधी ओरडतो, मग सांगतो."

तिसरा मिलिंद. पुण्यातली पक्की नोकरी सोडून आलेला. तेव्हापासून त्याचे वडील त्याच्याशी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत. सरांनी त्याला ब्राउझर नव्याने करायला दिला आणि त्याने खरोखर देखणा केला. बटणं लहान आणि नीटस, शब्दांच्या जागी चित्रं, सगळी मांडणी नवी. नव्या सीड्या घरोघरी गेल्या आणि आमचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना!

सरांनी मिलिंदला बोलावलं. "दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत वेळ देतो. फोन शांत झाले तर तू कायम. नाही झाले तर जुना ब्राउझर परत, आणि तूही परत."

वर दोन नियम. तक्रारीचा फोन स्पीकरवर लावायचा, म्हणजे ब्राउझर करणाऱ्याला ऐकू जाईल. आणि फोनवर सुटलं नाही तर मिलिंदने स्कूटर काढून त्या घरी जायचं. फोन बहुतेक कानडीत येत, नाहीतर इंग्रजीत. मी आपलं मराठीतच सांगते.

*

पहिल्याच आठवड्यात राजाजीनगरच्या एका बाईंचा फोन. "नवीन आल्यापासून एकसुद्धा पान उघडत नाही!"

मी नेहमीचं सगळं विचारलं. लाइन लागते? लागते. मोडेमचा कर्र आवाज येतो? येतो. पत्ता बरोबर टाकता? बरोबर. माझी पोतडी रिकामी झाली. मग अक्कांनी फोन घेतला. "अम्मा, पहिल्यापासून काय काय करता ते एकेक सांगा."

"पत्ता टाकते. एंटर दाबते. मग त्या हातावर बाण नेऊन दाबते, नमस्कार करते आणि वाट बघते."

जुन्या ब्राउझरात पान मधेच थांबवायचं बटण होतं, त्यावर तसं लिहिलेलं असायचं. मिलिंदने शब्द काढून तिथे एक उघडा तळहात काढला होता. बाईंना तो देवाचा अभय देणारा हात वाटला. त्या रोज मोठ्या भक्तिभावाने इंटरनेट थांबवत होत्या!

मी पदर तोंडात कोंबला. अक्का मात्र गंभीर. "अम्मा, आशीर्वाद पान उघडल्यावर घ्या. आधी नको."

"चालतं का तसं?"

"चालतं. इंटरनेटमध्ये सगळे तसंच करतात."

फोन ठेवल्यावर मिलिंद कळवळून म्हणाला, "अहो अक्का, तो ट्रॅफिक पोलिसाचा हात आहे!"

"बंगळूरात पोलिसाचा हात बघून कोण थांबतं रे?" अक्का म्हणाल्या. "देवाचा बघून निदान थांबतात तरी."

*

जुना ब्राउझर बंद केला की गपकन बंद व्हायचा. लोकांकडून चुकून दाबलं जातं म्हणून मिलिंदने एक सोय केली. बंद करायला गेलं की नवा ब्राउझर विचारायचा, "नक्की जायचं आहे का?" सभ्य माणसाने विचारावं तसं.

एक दिवस मुंबईहून एक मुलगी फोनवर रडकुंडीला आलेली. तिचे आईवडील मारतहळ्ळीला राहत. कालपासून त्यांचा फोन एंगेज लागत होता. इंटरनेट चालू असलं की टेलिफोन अडकून राहायचा, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पण कालपासून? म्हातारी माणसं, एकटीच. तिच्या मनात नको नको ते येत होतं.

मिलिंदने लगेच स्कूटर काढली. मारतहळ्ळी म्हणजे तेव्हा गावाबाहेरच. पोचला तर दोघंही ठणठणीत! आजोबा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत, आजी बाजूच्या स्टुलावर कोथिंबीर निवडत बसलेल्या.

"बंद का नाही केलं, आजोबा?"

"केलं ना. पण ते विचारतं, नक्की जायचं का? म्हणून थांबलो. पुन्हा बंद करायला गेलो तर पुन्हा विचारतं. इतक्या आग्रहाने विचारल्यावर लगेच कसं उठायचं?"

आजी म्हणाल्या, "मग आम्ही आळीपाळीने बसतो. एकाने जेवून यायचं, एकाने बसायचं."

मिलिंदने त्यांना दाखवलं की 'हो' म्हटलं तर त्याला राग येत नाही. लाइन मोकळी झाली, मुलीचा फोन लागला, रडणं-हसणं झालं. हे सगळं दुपारी. मिलिंद ऑफिसात उगवला संध्याकाळी, दिवे लागताना.

"इतका वेळ?" मी विचारलं.

"अगं, निघतो म्हटलं की ते विचारायचे, नक्की जायचं का?"

*

नव्या ब्राउझरात आणखी एक सोय होती. पत्त्याचं पहिलं अक्षर टाकलं की त्या कॉम्प्युटरवर आधी टाकलेले पत्ते तो आपणहून पुढे करायचा. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा वाटलं.

जयनगरच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांचा फोन आला. आवाजात अजून मॅनेजरकी होती. "मी सकाळी वर्तमानपत्र वाचायला बसतो. पहिलं अक्षर टाकलं की तुमचं हे यंत्र मला कॅनडाला पाठवतं! तिथे स्थायिक कसं व्हायचं, अर्ज कुठे करायचा. मला कॅनडाला जायचं नाही!"

अक्कांनी हळूच विचारलं, "घरी आणखी कोण बसतं कॉम्प्युटरवर?"

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मुलगा."

मिलिंद उठून स्पीकरजवळ आला. "सर, ते पत्ते दाखवणं बंद करता येतं. मी सांगतो कसं."

"नको," मॅनेजर म्हणाले. आवाजातली मॅनेजरकी गेली होती. "राहू दे. मुलगा काही सांगत नाही. हे तरी सांगतं."

त्याच दुपारी एका तरुणाचा घाईघाईचा फोन. राहणार जयनगर. "आधी टाकलेले पत्ते पुसायचे कसे?"

अक्का कधी कोणाला मदत नाकारायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "ते आज होणार नाही. आज घरी सगळे एकत्र जेवायला बसा, आणि उद्या फोन करा." त्याचा फोन पुन्हा आला नाही. काही दिवसांनी वडिलांचा आला. त्यांना कॅनडातली थंडी कुठल्या पानावर बघायला मिळते, ते हवं होतं.

मॅनेजरांचा पहिला फोन झाला त्या दिवशी मिलिंद खाली एसटीडी बूथवर गेला होता. बऱ्याच वेळाने वर आला. "काय म्हणाले बाबा?" मी विचारलं.

"पुण्यात ऊन आहे म्हणाले."

*

बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे एकांची गुलाबाची शेती होती. फुलं परदेशी पाठवायचे, त्यामुळे इंटरनेट त्यांना रोज लागायचं. ते दर सोमवारी न चुकता फोन करून आम्हाला झाडायचे. नवा ब्राउझर म्हणजे काय, तुम्ही लोक म्हणजे काय, ही काय पद्धत झाली! शेवटी मिलिंद स्वतःच फोनवर आला.

"साहेब, नेमकं काय अडतं ते सांगा. मी आज बदलून देतो."

"अडत काही नाही."

"मग वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. चांगला आहे. जुन्यापेक्षा भरभर चालतो. पण बदलण्याआधी मला विचारलंत का?"

मिलिंद खुर्ची ओढून फोनसमोर बसला. मग म्हणाला, "चुकलं. आता विचारतो. साहेब, बदलू का?"

"बदला की!" ते म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला नाही. आला तो एक गुलाबांचा गुच्छ, मिलिंदच्या नावाने. अक्कांनी तो पाण्याच्या बाटलीत घालून फोनशेजारी ठेवला.

*

हळूहळू फोन खरंच कमी होत चालले. आयुधपूजा तोंडावर आली होती, आणि मला वाटायला लागलं होतं की मिलिंद राहणार. तेवढ्यात बसवनगुडीच्या पद्मा अम्मांचा फोन आला.

"मी आधीच्या पानावर जायला दाबते, तर हा विचारतो नक्की जायचं का. मी हो म्हणते. मला जायचंच असतं. आणि सगळं बंद पडतं!"

फोनवर सुटेना, म्हणून मिलिंद गेला. त्याची एक पद्धत होती. कोणाच्या घरी गेला की तो त्यांच्या पाठीमागे खुर्ची घेऊन बसायचा आणि माउसला हात लावायचा नाही. नुसता बघत राहायचा. तसा तो बसला, आणि त्याला कुंकू दिसलं.

कॉम्प्युटर घरी आला त्या दिवशी त्याची पूजा झाली होती. पडद्याच्या काचेवर, वर डाव्या कोपऱ्यात, कुंकवाचं ठसठशीत बोट. सुनेने सासूला शिकवताना सोपं करून सांगितलं होतं: मागे जायचं असेल तर कुंकवाखाली दाबायचं. बाकी काही लक्षात ठेवायचं कारण नाही. इतके महिने त्या कुंकवाखाली दाबत होत्या आणि सगळं सुरळीत चाललं होतं. नव्या मांडणीत कुंकवाखाली नेमकं बंद करायचं बटण आलं होतं!

मिलिंदने भीत भीत सुचवलं, "अम्मा, हे कुंकू पुसून जरा उजवीकडे लावलं तर?"

"पूजेचं कुंकू पुसायचं?" पद्मा अम्मांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीतच आक्रसला. "कुंकू आधी आलंय. बटण नंतर आलं. तुम्ही बटण हलवा."

दुसरा कोणी असता तर हसून निघून आला असता. मिलिंदला ते पटलं! त्याने काचेवर बोटाने माप घेतलं, ऑफिसात येऊन एक खास ब्राउझर केला, मागे जायचं बटण बरोब्बर कुंकवाखाली, आणि स्वतः जाऊन बसवून आला. पद्मा अम्मांनी त्याला चिरोटी खाऊ घातली. आम्ही तिघांनी ही गोष्ट सरांपासून लपवून ठेवली.

लपली असतीही. पण दोन दिवसांनी सर आमच्या टेबलाशी उभे असताना फोन वाजला. नियमाप्रमाणे स्पीकर.

"मी पद्मा अम्मांची शेजारीण बोलते. तो कुंकवाचा ब्राउझर आम्हालाही हवाय. पण आमचं कुंकू उजवीकडे आहे. तसा मिळेल ना?"

सर तापले. "घरटी एक ब्राउझर? बंगळूरात घरं किती आहेत माहीत आहे?" मिलिंद सांगायचा प्रयत्न करत होता की लोकांना बटण हवं तिथे ठेवता आलं पाहिजे, ते करणं फार अवघड नाही, थोडे दिवस द्या. सर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "झालं एवढं पुरे. पूजा झाली की जुना ब्राउझर परत. तू पुण्याची तयारी कर."

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. इतक्या लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या पाठीमागे बसलेला तो एकटाच माणूस होता.

*

आयुधपूजा झाली. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूची माळ, दाराशी कोहळा फुटलेला, चुरमुरे-बत्तासे वाटून झाले. मिलिंदने सगळ्यांबरोबर हात जोडले.

सुट्टी संपवून सोमवारी सर आले ते फार खुशीत. हातात जुन्या ब्राउझरची सीडी. "काल मी स्वतः एका घरी जाऊन हा परत बसवून आलो," ते म्हणाले. "त्यांच्याकडे नवा होता. बिचाऱ्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नव्हता, पण सोसत असणारच. मी बसलो, भराभर काम केलं, उठलो. एका शब्दाची तक्रार नाही! लोकांना हेच हवं होतं. वैशाली, आजच या सीडीच्या कॉप्या करायला पाठव."

मिलिंद कोपऱ्यात आपला खण रिकामा करत होता. सरांनी सीडी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करणार, तोच फोन वाजला. अक्कांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"मदतीचं ऑफिस ना हे?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, पण खणखणीत. "मी येलहंक्याहून बोलते. माझं सगळं बिघडून गेलंय हो. मुलीची ईमेल वाचायची आहे आणि एक बटण जागेवर नाही!"

मिलिंदने खणातून मान वर काढली. त्या घरी तो मागे एकदा नवी मांडणी समजावायला जाऊन आला होता.

अक्कांनी विचारलं, "कधीपासून, अम्मा?"

"कालपासून. तोवर सगळं छान चाललं होतं. काल एक जण आला आणि बदलून गेला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. आला तो माउस धरून बसला, जाईपर्यंत सोडला नाही. मी आपली मागे उभी."

सरांचा सीडी धरलेला हात खाली आला.

"आमच्याकडचा माणूस होता का, अम्मा?" अक्का म्हणाल्या. "नाव सांगा. मी आमच्या सरांच्या कानावर घालते."

"नाव काय सांगायचं, माझाच मुलगा. हुशार आहे हो. लहानपणापासून हुशार. पण हे काम त्याला जमत नाही. तुमच्याकडचा तो पुण्याचा मुलगा आहे ना, गप्प बसून बघत होता तो? त्याला पाठवा."

अक्कांनी सरांकडे बघितलं. सर स्पीकरकडे बघत होते.

"पाठवते, अम्मा."

"आणि माझ्या मुलाला सांगू नका हं, मी फोन केला म्हणून. तो फार मनाला लावून घेतो."

"सरी, बरं अम्मा," अक्का म्हणाल्या. "नाही सांगत."